न दिसणारी तार

तुमच्या शिवारावरून विजेची तार गेलेली असेल. आज घरी जाताना एक करून पहा. खांबापासून दोन-तीनशे पावलांवर उभे राहा आणि खांब नव्हे, तार शोधा. मागे निरभ्र आभाळ असेल तर ती काळ्या रेघेसारखी दिसेल. पण तुम्ही टेकडीवर चढलात आणि तारेच्या मागे झाडी किंवा नांगरलेली जमीन आली की तीच तार नाहीशी होते. तुम्ही उभे आहात म्हणून हा खेळ झाला. ताशी दीड-दोनशे किलोमीटर वेगाने जाणाऱ्या लहान विमानातल्या माणसाला मात्र शोधायला दोन-चार सेकंदच मिळतात.

तारेचा हा गुण, दुर्गुण म्हणा हवे तर, माणसाने प्रथम मोठ्या प्रमाणावर वापरला तो युद्धात. दुसऱ्या महायुद्धात लंडन व इतर शहरांवर इंग्रजांनी प्रचंड फुगे सोडले होते. प्रत्येक फुगा पोलादी दोराने जमिनीला बांधलेला. लोकांना वाटे, फुगाच विमानाला अडवतो. खरे शस्त्र होते तो दोर! शत्रूच्या विमानाने खाली येऊन नेम धरू नये, आलेच तर दोरात अडकावे, असा बेत. त्या धाकानेच विमाने वर राहत. पुढे १९४४ साली जर्मनांनी सोडलेले वैमानिकाविना उडणारे बाँब आले, तेव्हा त्यांतले दोनशेहून अधिक या दोरांनी पाडले असे सांगतात. थोडक्यात, पातळ तार हा विमानाचा काळ आहे हे लष्करी लोकांना चांगले ठाऊक होते.

युद्ध संपले, फुगे उतरले. पण शांततेच्या काळात आपण स्वतःच जगभर तारा टांगल्या. कुणाला पाडायला नव्हे, वीज न्यायला, माणसे न्यायला, माल न्यायला. डोंगराळ मुलखात तर दोन शिखरांच्या मधोमध, शेकडो फूट दरीवरून. आल्प्स पर्वतात फ्रान्स व इटली यांना जोडणारा आकाशपाळणा आहे. २९ ऑगस्ट १९६१ रोजी फ्रेंच हवाई दलाच्या एका जेट विमानाने त्याचा ओढदोर तोडला. पाळणे बर्फावर कोसळून सहा प्रवासी मेले. विमान मात्र परत जाऊन सुखरूप उतरले.

धडा शिकायला तेवढे पुरे होते. पण ३ फेब्रुवारी १९९८ रोजी इटलीतच, काव्हालेझे गावाजवळ, तेच पुन्हा घडले. अमेरिकेचे एक लष्करी विमान सरावासाठी दरीतून जात होते, नेमून दिलेल्या उंचीच्या पुष्कळ खाली आणि भलत्या वेगाने. जमिनीपासून सुमारे ११० मीटरवर असलेला पाळण्याचा दोर त्याने कापला. पाळण्यातले वीसही जण ठार झाले. विमान याही वेळी आपल्या तळावर परतले. वैमानिकाचा दोष लहान नव्हता, हे मी झाकून ठेवीत नाही. मनुष्यवधाच्या आरोपातून तो सुटला, याचा संताप इटलीत अजून आहे. पण चौकशीत आणखी एक गोष्ट पुढे आली. वैमानिकांजवळच्या अमेरिकन नकाशात तो दोर दाखवलेलाच नव्हता. गावातल्या पोराटोरांना ठाऊक असलेली तार नकाशावर नव्हती!

आता उपाय पहा. नदी किंवा दरी ओलांडणाऱ्या उच्च दाबाच्या तारांवर नारिंगी, लाल अथवा पांढरे मोठे गोळे अडकवलेले तुम्ही पाहिले असतील. पुष्कळांना ते विजेच्या कामाचे वाटतात. विजेशी त्यांचा काहीएक संबंध नाही. ते केवळ वैमानिकाच्या डोळ्यांसाठी आहेत. आंतरराष्ट्रीय नियमाने त्यांचा व्यास ६० सेंटिमीटरहून कमी नसावा. गोळे बहुधा सर्वांत वरच्या तारेवर बसवतात, यातही मख्खी आहे. मनोऱ्यांच्या माथ्यावरून जी बारीक तार जाते, ती विजेपासून, म्हणजे आकाशातल्या विजेपासून, रक्षण करणारी असते. वैमानिकाला खालच्या जाड तारा दिसतात, तो त्या चुकवायला नाक वर उचलतो आणि नेमका या बारीक तारेत जातो. दुसरा उपाय कॅनडात १९७० नंतरच्या दशकात निघाला: हेलिकॉप्टरच्या काचेच्या वर व खाली तार कापणारी पाती बसवायची. पण समोरून, वेगात असताना तार गाठली तरच ती कामाला येतात. बाजूने फिरत्या पंख्याला तार लागली, तर पात्यांचा काही उपयोग नाही.

हे सारे परदेशातले झाले, असे म्हणाल तर ऑगस्ट २०१९ आठवा. त्या महिन्यात सांगली-कोल्हापूरला महापूर होता आणि हेलिकॉप्टरे आपल्या लोकांच्या डोक्यावरून फिरत होती. त्याच महिन्यात उत्तराखंडात उत्तरकाशी जिल्ह्यातल्या आराकोट भागातही अतिवृष्टीने गावे वाहून गेली. तिथले शेतकरी सफरचंदाच्या पेट्या डोंगरावरून रस्त्यावर उतरवायला स्वतःच तारा बांधतात. रस्ता नाही तिथे दुसरे काय करावे? पोटासाठी बांधलेल्या त्या तारा. त्यांत मी गुन्हा पाहत नाही. पण त्यांच्यावर ना गोळा, ना फडके, ना कुठे नोंद. २१ ऑगस्टला मदतीचे सामान नेणारे हेलिकॉप्टर मोल्डी गावाजवळ अशाच तारेत अडकले आणि आतले तिघेही गेले. दोनच दिवसांनी त्याच भागात दुसऱ्या हेलिकॉप्टरला तारा चुकवण्याच्या नादात कसेबसे खाली उतरावे लागले. त्यातले लोक वाचले. ज्यांच्यासाठी ही माणसे आली होती, त्यांच्याच तारा, आणि सांगायला कुणी नाही!

८ मे २०२५ रोजी त्याच जिल्ह्यात, गंगोत्रीच्या वाटेवर, यात्रेकरूंचे हेलिकॉप्टर पडून सहा जण मेले. प्राथमिक चौकशीचा अहवाल सांगतो की अडचणीत सापडलेला वैमानिक रस्त्यावर उतरू पाहत असता पंख्याचे पाते रस्त्याकडेने गेलेल्या तारेला लागले. ती तार विजेचीही नव्हती, संदेशवहनाची होती.

शिक्षक मंडळींना यात एक काम दिसेल. भूगोलाच्या तासाला मुलांकडून गावाचा नकाशा काढून घेताना ओढा, देऊळ, विहीर येते. तारा क्वचित येतात. कोणती तार कुठून कुठे, नदी कुठे ओलांडते, किती उंचीवर, हे मुले हां हां म्हणता टिपतील. पुराच्या वेळी हेलिकॉप्टर उतरवायची जागा तलाठ्याला आणि सरपंचाला अशाच कागदावरून सांगता येईल. शिवाय आता पिकांवर औषध फवारायला ड्रोन आले आहेत, बचत गटांच्या बायका ते चालवू लागल्या आहेत. उसाच्या फडावरून गेलेली महावितरणची तार त्यांनाही, उन्हाच्या तिरिपीत मान वर करून, आधी शोधावीच लागते.