१४९२ : स्पॅनिश क्रियापदाच्या शेवटी चिकटलेला एक 'य'

१४९२ म्हटले की कोलंबसाची जहाजे डोळ्यांपुढे येतात. आजचा धागा त्याच वर्षाचा आहे, पण तो जहाजांचा नसून क्रियापदांचा आहे.

स्पॅनिश शिकू लागलेला मनुष्य पहिल्या महिन्यातच अडखळतो. 'कान्तार' म्हणजे गाणे. त्यावरून 'कान्तो', मी गातो. इथवर सारे सरळ असते. मग 'इर' येते. त्याचा अर्थ जाणे. पण 'मी जातो' याचे रूप 'वोय'. 'इर' आणि 'वोय' यांत एकही अक्षर समान नाही! वर्गात यावर 'अनियमित' असा शिक्का मारतात, तक्ता पाठ करून घेतात आणि पुढे सरकतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र नेमके तिथेच थांबावे.

कारण 'इर' हे मुळात एक क्रियापद नाहीच. लॅटिनमधील तीन निरनिराळ्या क्रियापदांचे अवशेष त्यात एकत्र नांदत आहेत. 'इबा' (जात होतो) हे रूप 'ईरे'पासून आले, 'वोय' हे 'वादेरे'पासून, आणि 'फुई' (गेलो) हे तर चक्क 'असणे' या अर्थाच्या 'एस्से'कडून उसने घेतलेले. म्हणून आजही स्पॅनिशमध्ये 'फुई' म्हणजे 'मी गेलो' की 'मी होतो', हे संदर्भावरूनच ठरते. यात नवल वाटण्याचे कारण नाही. आपल्या मराठीत 'जातो' हे संस्कृत 'या' धातूकडून आले आणि 'गेला' हे 'गम्'च्या 'गत' या रूपाकडून. आपण रोज बोलतो, म्हणून ते जाणवत नाही इतकेच.

दुसरा प्रकार आणखी रंजक आहे. 'पोदेर' म्हणजे शकणे. त्याची रूपे 'प्वेदो' (मी शकतो), 'प्वेदे' (तो शकतो), आणि मध्येच 'पोदेमोस' (आम्ही शकतो). 'ओ'चा 'वे' होतो, मग पुन्हा 'ओ' कसा? लॅटिनमधील ऱ्हस्व 'ओ'वर आघात पडला की कास्तीलच्या बोलीत त्याचा 'वे' होई. 'पोदेमोस'मध्ये आघात पुढच्या 'दे'वर सरकतो, म्हणून तिथे 'ओ' शाबूत राहिला. म्हणजे हा नियमभंग नव्हेच. एका जुन्या उच्चारनियमाचे हे काटेकोर पालन आहे. तो नियम आता चालू नाही, पण त्याची खूण उरली. अशा खुणा रोजच्या वापरातल्या क्रियापदांतच अधिक टिकतात, कारण ती रूपे मूल व्याकरण न शिकता, नुसती ऐकून उचलते. याउलट नवे क्रियापद भाषेत आले की ते बहुधा निमूटपणे 'आर' गटात जाऊन बसते. गप्पांच्या 'चॅट'वरून झालेले 'चातेआर' हे त्याचेच उदाहरण.

आता १४९२कडे वळू. २ जानेवारीस ग्रानादा पडले. ३१ मार्चला राणी इसाबेला आणि राजा फर्नांडो यांनी फर्मान काढले : ज्यूंनी बाप्तिस्मा घ्यावा अथवा जुलैअखेर राज्य सोडावे. आणि १८ ऑगस्टला सालामांका येथे आंतोनियो दे नेब्रिखा या लॅटिनच्या पंडिताने कास्तीलच्या भाषेचे व्याकरण छापून पूर्ण केले. लॅटिनचे व्याकरण लिहिणे ठीक. पण जी भाषा लोक जन्मतःच बोलतात, तिचे व्याकरण कशाला? राणीलाही हाच प्रश्न पडला होता, असे नेब्रिखाने प्रस्तावनेतच नोंदवले आहे. उत्तर एका बिशपने दिले : जिंकलेल्या लोकांना विजेत्याचे कायदे समजायचे, तर आधी त्याची भाषा शिकवावी लागेल.

हा राजकारणाचा भाग बहुतेकांना ठाऊक असतो. मला मात्र त्याच्या क्रियापदांच्या प्रकरणाचे अधिक मोल वाटते. 'आर', 'एर', 'इर' हे तीन गट त्याने मांडले. भविष्यकाळ हा मूळ क्रियापद आणि 'आबेर' (बाळगणे) यांच्या जोडातून घडतो, हे त्याने ओळखले. 'कान्तारे' (मी गाईन) म्हणजे मुळात 'गाणे माझ्याकडे आहे'. आणि जाता जाता त्याने एक बारीक निरीक्षण टिपले : 'दो' (देतो), 'वो' (जातो), 'सो' (आहे), 'एस्तो' (असतो) ही रूपे फार आखूड पडतात, म्हणून कधीकधी शोभेसाठी त्यांना शेवटी 'य' जोडून 'दोय', 'वोय', 'सोय', 'एस्तोय' म्हणतात. हा 'य' आला कुठून, यावर आजही अभ्यासकांचे एकमत नाही. त्या काळी दोन्ही रूपे प्रचारात होती, एवढे निश्चित. पुढच्या शतकात 'य'ची सरशी झाली आणि जुनी रूपे स्पेनमधून मागे पडली.

पण ती नाहीशी झाली नाहीत. नेब्रिखाचे पुस्तक छापून होण्याच्या काही आठवडे आधीच हजारो ज्यू कुटुंबे देशाबाहेर पडली होती. पुष्कळांना ऑटोमन सुलतानाच्या राज्यात आश्रय मिळाला. सालोनिका, इस्तंबूल, इझमीर येथे ती आपली भाषा बोलत राहिली, हिब्रू लिपीत छापत राहिली. त्या भाषेला आज आपण लादिनो म्हणतो. स्पेनमधली सरशी तिथवर पोहोचली नाही. सालोनिकातील आजी बाजाराला निघताना 'वो'च म्हणे, 'वोय' नव्हे.

१९४३ मध्ये नाझींनी सालोनिकाचे ४५ हजारांहून अधिक ज्यू आउश्वित्झला नेले. त्यांतील बहुसंख्य तिथेच मारले गेले. ज्या शहरात चारशेहून अधिक वर्षे ही भाषा रस्त्यावर ऐकू येई, तिथे ती काही महिन्यांत थांबली. आज लादिनो बोलणारे थोडेच उरले आहेत आणि त्यांतले बहुतेक वृद्ध आहेत.

२०१५ मध्ये स्पेनने कायदा करून या निर्वासितांच्या वंशजांना नागरिकत्व देऊ केले. घरात लादिनो बोलली जाते, हा वंशाचा एक पुरावा म्हणून त्या कायद्याने मान्य केला. सज्ञान आणि सत्तरीच्या आतल्या अर्जदारांना, ते स्पॅनिशभाषक देशांतले नसतील तर, भाषेची परीक्षाही द्यावी लागे. परीक्षा अर्थातच आजच्या स्पॅनिशची. आणि तिथे 'मी जातो'चे मान्य रूप एकच, 'वोय'.