धबधबा की सांडवा? : बालाघाटातील निसर्गस्थळांविषयी

मराठवाड्यातील महाविद्यालयांत निसर्गकविता शिकवताना एक अडचण वारंवार जाणवते. बालकवींपासून आपल्या अभ्यासक्रमातील निसर्ग हा बहुतांशी हिरवळीचा आणि निर्झरांचा असतो. ते वाचून ‘आमच्याकडे निसर्गच नाही’ असे एखादा विद्यार्थी सहज बोलून जातो. दुसऱ्या बाजूला, धाराशिव जिल्ह्याच्या पर्यटनविषयक लेखनात नळदुर्गचे धबधबे, येडशीचा रामलिंग घाट आणि धाराशिवची लेणी यांची गणना निसर्गरम्य स्थळांत केली जाते. या दोन्ही विधानांमागे निसर्गाची एकच उसनी कल्पना आहे, असे आम्हांला वाटते.

ही कल्पना कोठून आली हे पाहण्यासाठी महाबळेश्वरचे उदाहरण उपयोगी पडते. 1828च्या सुमारास सर जॉन माल्कम यांनी तेथे इंग्रजांसाठी आरोग्यस्थान वसवले आणि कड्यावर उभे राहून दरी न्याहाळण्याची रीत त्या डोंगरावर रुजली. आर्थर सीट, एल्फिन्स्टन, लॉडविक ही ‘पॉइंटां’ची नावे त्या रीतीची साक्ष देतात. त्यापूर्वीही क्षेत्र महाबळेश्वर होतेच. परंतु तेथे जाणारा यात्रेकरू दरी पाहायला जात नव्हता, तो कृष्णेच्या उगमाला जात होता. म्हणजे एकाच डोंगराकडे पाहण्याच्या दोन दृष्टी होत्या, एक दृश्याची आणि एक पाण्याची. बालाघाटावर पहिली दृष्टी फारशी रुजली नाही. दुसरी मात्र आजही तेथील स्थळांत वाचता येते.

बालाघाटाची रांग हा मुळात जलविभाजक. तिच्या एका अंगाचे पाणी तेरणा-मांजरामार्गे गोदावरीला मिळते, तर दुसऱ्या अंगाचे बोरी-सीनेतून भीमेला आणि पुढे कृष्णेला. मात्र हा सारा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला आहे. जिथे पाऊस बेभरवशाचा, तिथे पाणी ही शोभेची वस्तू राहत नाही. ते अडवावे लागते, शोधावे लागते आणि त्याची कथा सांगावी लागते.

अडवलेल्या पाण्याचे उदाहरण म्हणजे नळदुर्ग. पावसाळ्यात येथे ‘नर’ आणि ‘मादी’ हे दोन प्रवाह कोसळू लागले की पाहणाऱ्यांची गर्दी होते. परंतु हे डोंगरातून आपोआप फुटलेले धबधबे नव्हेत. नळदुर्ग आणि रणमंडळ या दोन किल्ल्यांना सांधणारा जो दगडी बंधारा बोरी नदीवर आहे, त्याचे ते सांडवे आहेत. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 मध्ये, मीर इमादीन या स्थापत्यकाराने हा बंधारा बांधला. बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. नदी वरून वाहत असताना या महालात बसून समोर पडणारा पाण्याचा पडदा आतून पाहता येतो. ‘किताब-ए-नौरस’ लिहिणाऱ्या संगीतवेड्या सुलतानाच्या काळातली ही वास्तू. नदीला अडवून किल्ल्याच्या संरक्षणाला जुंपणाऱ्यांनीच त्या नदीसाठी एक सज्जाही राखून ठेवला. येथे उपयोग आणि रसिकता यांची फारकत करता येत नाही.

शोधलेल्या पाण्याची कथा धाराशिवच्या लेण्यांशी जोडलेली आहे. ही लेणी मूळची बौद्ध की जैन, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. मुनी कनकामर यांच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात तेरापूरजवळच्या डोंगरातील लेण्याचे वर्णन येते. या काव्याचे संपादक हिरालाल जैन यांनी (1934) ते लेणे म्हणजेच धाराशिवचे, असे मत मांडले. काव्यात राजा करकंड जिनमूर्तीच्या सिंहासनावरील एक गाठ पाहतो. ती फोडू नये असे कारागीर सुचवतो, तरी राजा ती फोडायला लावतो आणि आतून उसळलेल्या पाण्याने सारे लेणे भरून जाते. कातळ कोरणाऱ्या माणसाला कातळातले पाणी अवचित भेटते, हा अनुभव कवीने चमत्काराच्या भाषेत सांगितला आहे. चमत्कार बाजूला ठेवला तरी अनुभव उरतोच.

येडशीच्या रामलिंगाची कथाही याच जातीची. जखमी जटायूची तहान भागवण्यासाठी रामाने बाण मारून पाणी काढले, अशी स्थानिक श्रद्धा आहे. त्या घाटातील वनाला 1997 मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. पण देवस्थानाभोवतीच्या झाडोऱ्याला लोकमानसात त्याच्या कितीतरी आधी संरक्षण लाभले असावे, असा तर्क करायला जागा आहे. तुळजापुरातही देवीच्या दर्शनाआधी भाविक कल्लोळ आणि गोमुख तीर्थांच्या पाण्याला सामोरा जातो.

या प्रदेशाकडे ‘दृश्य’ म्हणून पाहणारा कोणी आलाच नाही, असे मात्र नव्हे. 1853च्या करारानंतर नळदुर्गचा कारभार पाहणाऱ्या मेडोज टेलर यांनी 1863 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘तारा’ या इंग्रजी कादंबरीत तुळजापूरचा परिसर उभा केला. तरीही येथील डोंगरावर त्यांच्या नावाचा पॉइंट रूढ झाला नाही. नावे राहिली ती तीर्थांची, लिंगांची, महालांची.

दुष्काळी वर्षात नळदुर्गला गेलेला प्रवासी ‘धबधबा बंद आहे’ म्हणून हिरमुसतो. धबधबा पाहायला आलेल्याच्या दृष्टीने ते खरेच आहे. पण सांडवा कोरडा असतो तेव्हाच बंधाऱ्याची चिरेबंदी उघडी दिसते, आणि चार शतकांपूर्वीच्या माणसांनी या नदीचा किती बारकाईने विचार केला होता हेही तेव्हाच कळते. ‘आमच्याकडे निसर्ग नाही’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही एकदा भर उन्हाळ्यात तेथे घेऊन जाऊ. निसर्गकवितेचा तास त्या कोरड्या सांडव्यापाशी सुरू करता येईल.