दोन सह्या

शहर पायी पाहावे असे सांगणारे लोक दोन प्रकारचे असतात. एक, ज्यांना इतिहासाची आवड असते ते. आणि दुसरे, ज्यांच्या जिवावर रिक्षाचे भाडे येते ते. बँकेतला कारकून एकाच वेळी दोन्ही प्रकारांत मोडू शकतो. त्यातून शहर सातारा असले म्हणजे बघायलाच नको. साताऱ्यातला प्रत्येक रस्ता एकतर चढत असतो नाहीतर उतरत असतो. पत्ता विचारला तर डावे-उजवे कुणी सांगत नाही. 'असे वर जा' किंवा 'खाली उतरा' एवढ्यावर भागते. 'खालचा रस्ता' हे तर चक्क एका रस्त्याचे नाव आहे. कागदोपत्री तो कर्मवीर पथ. वरचा तो राजपथ.

मी मूळचा सांगलीचा, म्हणजे जन्मजात सपाट. आमच्याकडे उंच जागा म्हणजे कृष्णेवरचा १९२९ सालचा आयर्विन पूल, आणि महापुरात तोही पुरेसा उंच वाटत नाही. बदलीने साताऱ्यात आलो आणि पोटऱ्यांना इतिहास कळू लागला. अशात एका शनिवारी रात्री आमचा मेव्हणा सांगलीहून मुक्कामाला आला. हा हळदीच्या पेढीवर दिवाणजी आहे. रविवारी सकाळी चहा पिता पिता त्याने मला डिवचले.

"दाजी, मोठं शहर मोठं शहर म्हणताय, पर मोठं काय हाय हो हितं?"

याचे उत्तर बसल्या जागी देणे शक्य नव्हते. मी म्हटले, "चप्पल घाल. वरून दाखवतो."

वरून म्हणजे अजिंक्यताऱ्यावरून. हा किल्ला १६७३ साली शिवाजी महाराजांनी घेतला. पुढे औरंगजेब स्वतः याच्या पायथ्याशी येऊन बसला. किल्लेदार प्रयागजी प्रभू काही महिने लढत राहिले. तट उडवायला मोगलांनी सुरुंग पेरले, त्यातला एक उलटला आणि तटाबरोबर मोगलांचीच माणसे गाडली गेली. अखेर १७०० च्या एप्रिलमध्ये किल्ला पडला. बादशहाने त्याचे नाव आझमतारा ठेवले. आझम हा त्याचा मुलगा. नवे घर घेतले की फाटकावर मुलाचे नाव घालण्याची हौस काही आजची नाही! ताराबाईंच्या काळात किल्ला पुन्हा मराठ्यांकडे आला आणि तो झाला अजिंक्यतारा. एकदा जिंकल्या गेलेल्या किल्ल्याला अजिंक्य म्हणायला जी छाती लागते, तिला आपण मराठी बाणा म्हणतो.

मेव्हण्याची छाती तोवर वर येऊन भात्यासारखी हलत होती. त्याला एका दगडावर टेकवून मी खालचे शहर दाखवले. १७०८ च्या जानेवारीत शाहू महाराजांना साताऱ्यात राज्याभिषेक झाला. मोगलांच्या कैदेत बालपण गेलेल्या या राजाला पुन्हा तटाच्या आत राहण्याची हौस कुठून असणार? राजधानी गडावरून पायथ्याशी उतरली आणि शाहूनगर वसले. पेठा झाल्या. वारांच्या पेठा पुण्यासारख्याच. शिवाय चिमणपुरा, व्यंकटपुरा, यादोगोपाळ, बसाप्पा. माळवा, गुजरात, बुंदेलखंड इकडच्या मोहिमांच्या बातम्या या उतारावर येऊन थांबायच्या. १७४० मध्ये नानासाहेबांना पेशवाईची वस्त्रे मिळाली तीही इथेच.

"म्हणजे हेड ऑफिस की हो," मेव्हणा म्हणाला.

अगदी बरोबर. सातारा हेड ऑफिस आणि पुणे शाखा. पण १७४९ मध्ये शाहू महाराज गेले आणि शाखेचा व्यवसाय इतका वाढला, की हेड ऑफिस फक्त सहीपुरते उरले. पेशवा कोण व्हायचा हे पुण्यात ठरे. वस्त्रे मात्र साताऱ्याहूनच जावी लागत. आणि आमचे सांगलीचे पटवर्धन त्या पेशव्यांचे सरदार. म्हणजे सांगली ही शाखेची उपशाखा. हे ऐकल्यावर मेव्हण्याने उतरायला सुरुवात केली.

किल्ल्याच्या उतारावर 'चार भिंती' नावाचे ठिकाण आहे. खाली चाललेल्या मिरवणुका पाहायला छत्रपती प्रतापसिंहांनी ते बांधले असे सांगतात. आज तिथे १८५७ च्या वीरांचे स्मारक आहे. वारा चांगला येतो. इथे बसून मी त्याला पहिल्या सहीची गोष्ट सांगितली.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि इंग्रजांनी प्रतापसिंहांना साताऱ्याच्या गादीवर बसवले. राजा कामाचा निघाला. पाण्याची सोय केली, रस्ते केले, शाळा काढली, कागदपत्रे स्वतः तपासायची सवय लावून घेतली. मालक हिशेब वाचू लागला की मुनीम अस्वस्थ होतोच. कंपनी सरकारने राजावर कटाचे आरोप ठेवले. १८३९ मध्ये मुंबईचे गव्हर्नर कारनॅक जातीने साताऱ्यात आले. म्हणणे साधे होते: चूक कबूल करा, लिहून द्या, गादी तुमचीच.

आमच्या काउंटरवर मी रोज पाहतो. 'इथे सही करा' म्हटले की माणूस मजकूर न वाचता सही करतो, आणि वर 'आणखी कुठे?' असे विचारतो. प्रतापसिंहांनी मजकूर वाचला आणि सही केली नाही. न केलेली चूक त्यांना कबूल नव्हती. त्या एका सहीपायी राज्य गेले. धाकटे भाऊ अप्पासाहेब गादीवर आले, प्रतापसिंहांची रवानगी काशीला झाली आणि १८४७ मध्ये ते तिथेच वारले.

"आणि कुनीच काय केलं न्हाई?" मेव्हण्याने विचारले.

एकाने केले. राजाचे वकील रंगो बापूजी गुप्ते १८४० मध्ये लंडनला जाऊन थडकले. तिथे सुमारे चौदा वर्षे अर्जामागून अर्ज करत राहिले. कंपनीच्या भागधारकांच्या सभांत साताऱ्यावर चर्चा झडल्या, चार इंग्रजही बाजूने बोलले. निकाल मात्र 'विचाराधीन' याच्या पलीकडे गेला नाही. साताऱ्याच्या चढाची सवय असलेल्या त्या माणसाने लेडनहॉल स्ट्रीटवरच्या कंपनीच्या दाराशी किती वहाणा झिजवल्या असतील! लंडन पायी पाहण्याचा असा योग दुसऱ्या मराठी माणसाच्या वाट्याला आला नसेल.

मेव्हण्याने इथे संधी साधली. "५ नोव्हेंबर १८४३ ला आमच्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी पयलं मराठी नाटक केलं. सीतास्वयंवर! तवा तुमचं सातारा काय करत हुतं?"

"तेव्हा," मी म्हटले, "साताऱ्याचा राजा काशीला आणि वकील लंडनला होता. तुमच्याकडे राम धनुष्य मोडत होता, आमच्याकडे राज्य मोडलेले होते."

पुढचा अंक १८४८ चा. अप्पासाहेबही वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. लॉर्ड डलहौसीने दत्तक नामंजूर केला आणि संस्थान खालसा! त्याने अशा रीतीने खालसा केलेले हे पहिले संस्थान. बँकेत वारसाची नोंद नसली तर आम्ही दाखले मागतो, प्रतिज्ञापत्र मागतो, माणसाला जेरीस आणतो. पण 'खाते आमचे झाले' असे म्हणण्याची आमच्या मॅनेजरसाहेबांची अजून हिंमत नाही. १८५७ च्या उठावात रंगो बापूजींचे चिरंजीव सीताराम फासावर गेले. साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना एकाच दिवशी देहदंड झाला. रंगो बापूजी मात्र इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत.

मेव्हणा बराच वेळ गप्प होता. मग आम्ही राजपथाने मोती चौक ओलांडून राजवाड्यापाशी आलो. एव्हाना तीन वाजले होते. कंदी पेढ्यांच्या दुकानांपुढून मी त्याला जेमतेम पुढे काढला, कारण दुसरी सही राहिली होती.

प्रतापसिंहांनी बांधलेल्या या जुन्या राजवाड्यात पुढे इंग्रजी शाळा भरू लागली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथे इंग्रजी पहिलीत एका मुलाचे नाव दाखल झाले. रजिस्टरात क्रमांक १९१४, नाव भिवा रामजी आंबेडकर. नोंदीपुढे त्या मुलाची सही आहे. राजाच्या वाड्यात बसायला त्याला स्वतःचे गोणपाट न्यावे लागे. तहान लागली तर नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायाने तोटी सोडली तरच पाणी. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. शाळेला पुढे प्रतापसिंहांचे नाव मिळाले, आणि २०१७ पासून ७ नोव्हेंबर महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

सह्या पडताळण्यात माझी वीस वर्षे गेली. नमुन्याशी जुळते की नाही, एवढे बघून मी कागद पुढे सरकवतो. पण या एका वाड्याच्या हिशेबात दोन सह्या आहेत. एक राजाने केली नाही, म्हणून त्याची मान ताठ राहिली. दुसरी नऊ वर्षांच्या मुलाने केली आणि पुढे कोट्यवधी माना ताठ झाल्या. किल्ला, सुरुंग, वेढा सगळे खरे. पण साताऱ्याचा सगळ्यात उंच चढ मला त्या रजिस्टरातल्या ओळीत दिसतो.

मेव्हण्याचा प्रश्न निराळाच होता. दिवाणजी तो! म्हणाला, "दाजी, ते रजिस्टर अजून हाय?"

"आहे. शाळेने जपून ठेवलंय."

"कुनी जपलं वो? आमच्याकडं धा वर्सांची वही सापडंना. वाळवी, उंदीर, पावसाचं पानी, न्हाईतर रद्दीवाला. सव्वाशे वर्सं म्हंजे किती जनांनी सांभाळलं आसंल!"

त्या सांभाळणाऱ्यांची नावे कुठल्या पाटीवर नाहीत. कपाटाची किल्ली एकाने निवृत्त होताना दुसऱ्याच्या हातात दिली असेल, एवढेच. मेव्हणा वळला आणि पेढ्यांच्या दुकानात शिरला. घरच्यांसाठी एक किलो बांधून घेतले आणि वर पाव किलो वेगळे.

"हे कुणाला?" मी विचारले.

"आमच्या पेढीवर एक म्हातारबा हाईत," तो म्हणाला. "जुन्या वह्यांस्नी ऊन दावत बसत्यात. आमी समदे हसतो त्यास्नी."