हशाची साक्ष: अमेरिकन विनोदी मालिका आणि स्टुडिओतील प्रेक्षक

संवाद म्हटला म्हणजे वक्ता आणि श्रोता ही दोन्ही टोके गृहीत धरावी लागतात. छापील नाट्यसंहितेत श्रोत्याची खूण सहसा उरत नाही. अमेरिकन दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांत मात्र ती हशाच्या रूपाने ध्वनिमुद्रित झाली आहे. भाषेच्या अभ्यासकाने या हशाला कितपत पुरावा मानावे, हा प्रस्तुत टिपणाचा विषय होय.

या प्रथेला स्थिर रूप दिले ते १५ ऑक्टोबर १९५१ रोजी सुरू झालेल्या ‘आय लव्ह लूसी’ या मालिकेने. हॉलिवूडमधील स्टुडिओत सुमारे ३०० प्रेक्षकांसमोर, तीन कॅमेऱ्यांनी एकाच वेळी तिचे चित्रीकरण होई. प्रेक्षकांना कथा समजावी म्हणून प्रसंग शक्यतो क्रमानेच घेतले जात. प्रारंभी नायक देसी आर्नाझ स्वतः प्रेक्षकांशी बोलून त्यांना खुलवीत असे. अशा चित्रीकरणात हशा ओसरू लागेपर्यंत नटाला पुढील वाक्य रोखून धरावे लागते. घाई केल्यास शब्द बुडतात. उशीर केल्यास प्रसंग थंडावतो. विरामाची लांबी येथे लेखक नव्हे, तर श्रोता ठरवितो. या अर्थाने हशा हे संवादातील एक उत्तरच आहे.

परंतु याच दशकात चार्ल्स डग्लस या ध्वनितंत्रज्ञाने मुद्रित हास्याचे यंत्र सिद्ध केले. कळा दाबून हास्याचा प्रकार निवडावयाचा आणि पायाखालील पेडलने त्याची लांबी राखावयाची, अशी त्याची रचना होती. एका प्रसंगाला मिळालेले उत्तर दुसऱ्याच प्रश्नाला जोडण्याची सोय त्यामुळे झाली.

१९७१ साली सुरू झालेल्या ‘ऑल इन द फॅमिली’ने पुन्हा प्रत्यक्ष प्रेक्षकांची कास धरली. १९७२ मधील एका भागात सॅमी डेव्हिस ज्युनियर हा कृष्णवर्णीय कलावंत छायाचित्र घेतले जात असतानाच वर्णाभिमानी आर्चीच्या गालाचे चुंबन घेतो. त्यावर उसळलेला हशा बराच वेळ थांबत नाही. हा हशा अस्सल आहे. पण तो आर्चीच्या फजितीचा, की त्याच्याविषयीच्या सहानुभूतीचा? व्हिडमार व रोकीच यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, पूर्वग्रह तीव्र असलेल्या प्रेक्षकांचा कल आर्चीला मानण्याकडे असल्याचे आढळले. लेखकाला अभिप्रेत असलेला उपहास सर्वांपर्यंत सारखाच पोहोचला नव्हता.

पुढे १९७८-७९ च्या अखेरच्या हंगामात भाग आधी मुद्रित करून मग प्रेक्षकांना दाखविला जाई व त्यांचा प्रतिसाद त्यास जोडला जाई. हशा खरा, पण नटाचा विराम आता त्यावर अवलंबून नव्हता.

तात्पर्य, श्रोता उपस्थित होता एवढे हशा सांगू शकतो. श्रोत्याला काय उमगले, हे तो सांगत नाही. म्हणून अशा ध्वनिमुद्रणाचा उपयोग करणाऱ्याने प्रथम हशा कोठून आला ते तपासावे, आणि त्याचा अर्थ मात्र अन्य साधनांवरूनच ठरवावा.