आराखड्याच्या सुनावणीत समोर कोण बसते?

महापालिकेच्या कारभारात 'समिती' हा शब्द इतका सैल वापरला जातो की, कोणत्या समितीला नेमके कोणते अधिकार आहेत, हे कधीकधी सभागृहात बसणाऱ्यांनाही सांगता येत नाही. स्थायी समितीकडे तिजोरीच्या किल्ल्या असतात आणि पुण्यात शहर सुधारणा, तर मुंबईत सुधार समितीकडे जागांचे विषय जातात, एवढे ढोबळ ज्ञान बहुतेकांना असते. मात्र साधारण वीस वर्षांतून एकदा बसणारी आणि अहवाल देऊन विसर्जित होणारी नियोजन समिती फारशी कुणाच्या परिचयाची नाही. घरावरून रस्ता जाणार की नाही, गल्लीच्या टोकाचे मैदान मैदानच राहणार की नाही, याविषयी समोरासमोर बसून म्हणणे मांडण्याची संधी कायद्याने सामान्य नागरिकाला दिली आहे, ती याच समितीपुढे.

नगररचनेचा देशातील पहिला कायदा १९१५ मध्ये मुंबई इलाख्यात झाला. त्याचा भर शहराच्या एखाद्या भागापुरत्या नगररचना योजनांवर होता. संपूर्ण शहराचा विकास आराखडा सक्तीचा झाला तो १९५४ च्या कायद्याने. सध्याचा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चा असून, ११ जानेवारी १९६७ पासून तो अमलात आहे. महापालिकेने आराखडा तयार करण्याचा इरादा जाहीर करायचा, जमिनीच्या विद्यमान वापराचे सर्वेक्षण करून नकाशा तयार करायचा, त्यावर प्रारूप आराखडा बेतून तो राजपत्रात व वृत्तपत्रांत प्रसिद्ध करायचा आणि लोकांकडून हरकती व सूचना मागवायच्या, असा हा क्रम आहे. हरकती आल्या की कलम २८ लागू होते आणि नियोजन समिती अस्तित्वात येते.

तीन अधिक चार

समितीची रचना कायद्यातच सांगितलेली आहे. स्थायी समितीच्या सदस्यांपैकी तीन जण लोकप्रतिनिधी म्हणून तिच्यावर येतात. त्यांच्या जोडीला जास्तीत जास्त चार तज्ज्ञ राज्याचे नगररचना संचालक नेमतात. नगररचना किंवा पर्यावरण या विषयांचे विशेष ज्ञान अथवा प्रत्यक्ष अनुभव, एवढीच या तज्ज्ञांची पात्रता. ती कशी तपासावी, नावे कोणाकडून मागवावीत, हितसंबंध जाहीर करावेत की नाही, याचा तपशील या कलमात नाही. नगररचना संचालक राज्य शासनाचे अधिकारी असल्याने या नेमणुका शासनाच्याच मानल्या जातात. साहजिकच महापालिकेत एका पक्षाची सत्ता आणि मंत्रालयात दुसऱ्याची, अशी स्थिती असली की तीन विरुद्ध चार हे गणित सुनावणीपूर्वीच मांडले जाते.

समितीचा अहवाल शिफारशीच्या स्वरूपाचा असतो. तो महापालिकेच्या सभागृहापुढे जातो. सभागृह त्यात फेरफार करू शकते आणि त्यानंतर आराखडा मंजुरीसाठी शासनाकडे पाठविला जातो. अंतिम शब्द शासनाचा. शासन अनेकदा आराखडा भागशः मंजूर करते. ज्या बदलांमुळे आराखड्याचे स्वरूप मोठ्या प्रमाणात पालटते, असा भाग वगळून तो पुन्हा हरकतींसाठी प्रसिद्ध करावा लागतो. नगररचना कार्यालयात या वगळलेल्या भागाला 'ई.पी.' म्हणतात. आपली जागा मंजूर भागात आहे की 'ई.पी.'मध्ये, हे न पाहताच 'आराखडा मंजूर झाला' या बातमीवर विसंबून जमिनीचे व्यवहार करणारे पुढे अडचणीत येतात.

पुण्याचा अनुभव

नियोजन समितीचे महत्त्व आणि तिची हतबलता या दोहोंचा पुरावा पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्याने दिला. २००७ ते २०२७ या काळासाठीचा हा प्रारूप आराखडा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे ज्या मुदतीसाठी तो होता तिची सहा वर्षे आधीच सरली होती. त्यावर सुमारे ८७ हजार हरकती व सूचना दाखल झाल्या. एका हरकतीला पाच मिनिटे आणि रोजचे आठ तास धरले, तर केवळ ऐकून घेण्यास नऊशेहून अधिक दिवस लागले असते. सुनावण्या गटागटाने घेतल्या जातात, त्यामागे हे साधे अंकगणित आहे. एकाच छापील मजकुराच्या हजारो हरकती दाखल केल्या की दबाव वाढतो, असा कार्यकर्त्यांचा समज असतो. असा गठ्ठा समितीपुढे बहुधा एक हरकत म्हणूनच उभा राहतो.

सात जणांच्या या समितीत लोकप्रतिनिधी आणि शासननियुक्त सदस्य यांच्यात मतभेद झाले आणि शिफारशींना दोन वाटा फुटल्या. त्यानंतर प्रक्रिया मुदतीत पूर्ण झाली नाही, या कारणावरून मार्च २०१५ मध्ये राज्य शासनाने आराखडा महापालिकेकडून काढून घेतला आणि विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील अधिकाऱ्यांच्या समितीकडे सोपविला. आराखड्याला मंजुरी मिळाली ती जानेवारी २०१७ मध्ये, महापालिका निवडणुकीच्या तोंडावर. ज्या हजारो नागरिकांनी सुनावणीसाठी रजा टाकून खेपा घातल्या, त्यांचे म्हणणे ऐकणारे सात जण आणि अखेरचा नकाशा हातावेगळा करणारे अधिकारी हे वेगवेगळे होते. कायद्याच्या दृष्टीने यात वावगे काही नसेलही. पण सुनावणीवरचा विश्वास अशाने वाढत नाही.

पुण्याच्याच टेकड्यांचे उदाहरण याहून लांबलेले आहे. १९९७ मध्ये महापालिकेत आलेल्या २३ गावांच्या आराखड्यात ९७६ हेक्टर टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचे आरक्षण दाखविण्यात आले. तेथे बांधकामाला मुळीच परवानगी नसावी की थोडी असावी, या एका प्रश्नावर नगरसेवक, जमीनमालक, पर्यावरणवादी आणि मंत्रालय वर्षानुवर्षे भांडत राहिले. बांधकामाला वाव न ठेवता हे आरक्षण कायम करण्याचा निर्णय शासनाने घेतला तो २०१५ मध्ये. तोवर टेकड्यांच्या पायथ्याशी किती बांधकामे उभी राहिली, हे त्या रस्त्यांनी रोज जाणाऱ्या पुणेकरांना वेगळे सांगायला नको.

मुंबईने हाच प्रवास निराळ्या वळणाने केला. २०१४ ते २०३४ चा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. रेल्वे स्थानकांच्या परिसरात आठपर्यंत चटई क्षेत्र निर्देशांक, आरे वसाहतीत विकासाचा प्रस्ताव, प्रार्थनास्थळे व वारसा वास्तूंच्या नोंदींतील ढोबळ चुका यांमुळे एवढा गदारोळ उठला की, एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी तो रद्द करून नव्याने करण्याचे आदेश दिले. नियोजन समितीपर्यंत तो पोहोचलाच नाही. सुधारित प्रारूप मे २०१६ मध्ये आले, हरकतींसाठी ६० दिवस देण्यात आले आणि नगरसेवक व तज्ज्ञ यांच्या समितीने सुनावण्या घेतल्या. सभागृहाने ३१ जुलै २०१७ रोजी आराखडा संमत केला, शासनाची मंजुरी मे २०१८ मध्ये मिळाली आणि १ सप्टेंबर २०१८ पासून तो लागू झाला.

मार्च २०२२ मध्ये मुंबई, पुणे यांसह अनेक महापालिकांची मुदत संपली आणि निवडणुका लांबल्याने तेथे प्रशासक आले. स्थायी समितीच नसल्याने नियोजन समितीवरील लोकप्रतिनिधींच्या तीन खुर्च्यांचा प्रश्न उभा राहिला. पिंपरी-चिंचवडचा सुधारित प्रारूप आराखडा मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला, तोही प्रशासकाच्याच कारकिर्दीत. नगरसेवकांनी आरक्षणे कशी उठविली याच्या सुरस कथा शहरोशहरी सांगितल्या जातात आणि त्यांत तथ्यही असते. तरीही नगरसेवक प्रभागात सापडतो, त्याला जाब विचारता येतो. नियुक्त तज्ज्ञाच्या बाबतीत ती सोय नाही.

कलम ३७ ची वाट

आराखडा मंजूर झाला म्हणजे वीस वर्षांची निश्चिंती, असा समज करून घेण्याचे कारण नाही. मंजूर आराखड्यात किंवा त्याचा भाग असलेल्या विकास नियंत्रण नियमावलीत फेरबदल करण्याची तरतूद कलम ३७ मध्ये आहे. त्यासाठी नियोजन समिती नेमावी लागत नाही. सूचना प्रसिद्ध करायची, एक महिन्यात हरकती मागवायच्या, त्या ऐकायच्या आणि प्रस्ताव शासनाकडे पाठवायचा. तातडीचे लोकहित असल्याचे शासनाचे मत झाले, तर ते स्वतःच अशी सूचना काढू शकते. आराखड्याचे मूळ स्वरूप बदलता कामा नये, ही यातली मुख्य अट. कोणत्या बदलाने स्वरूप बदलते, हा मात्र वादाचा विषय.

नियमावलीतील एका फेरबदलाने शहराचे काय होते, हे गिरणगावाने पाहिले आहे. मुंबईच्या १९९१ च्या नियमावलीतील ५८ क्रमांकाच्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे ठरविले होते. एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक सार्वजनिक घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. २००१ मध्ये कलम ३७ खाली हा नियम बदलण्यात आला आणि वाटणी गिरणीच्या आवारातील मूळच्या मोकळ्या जागेपुरतीच राहिली. गिरण्यांचे बहुतेक आवार शेड आणि इमारतींनी व्यापलेले असल्याने सार्वजनिक वाटा एकदम आक्रसला. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये निकाल याचिकाकर्त्यांच्या बाजूने दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो फिरविला आणि २००१ चा बदल वैध ठरविला. सुमारे सहाशे एकर जमिनीचे भवितव्य काही ओळींच्या दुरुस्तीने ठरले. परळ-लोअर परळ भागात आज मोकळी जागा शोधणाऱ्याला त्या ओळींचा अर्थ पुरेपूर कळतो.

डिसेंबर २०२० पासून बृहन्मुंबई आणि काही विशेष क्षेत्रे वगळता राज्यभर एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. तिच्यासाठीही शासनाने कलम ३७ मधील विशेष अधिकारांचा आधार घेतला. पूर्वी प्रत्येक शहराची नियमावली वेगळी असल्याने वास्तुरचनाकारांपासून दाखला मागणाऱ्या नागरिकांपर्यंत सर्वांचीच तारांबळ उडे. ती बरीच कमी झाली. दुसरी बाजू अशी की, इमारतीची उंची, सामासिक अंतरे, चटई क्षेत्र यांविषयी पूर्वी निदान स्थानिक सभागृहात चर्चा होई. आता मंत्रालयातून निघणारी एक दुरुस्ती नाशिकपासून नागपूरपर्यंत एकाच वेळी लागू होऊ शकते.

सल्लागार मंडळांचे बळ

नियोजन समितीखेरीज काही कायमस्वरूपी मंडळेही विकासाच्या प्रस्तावांवर मत देतात. मुंबईत १९९५ च्या वारसा नियमावलीनुसार वारसा संवर्धन समिती काम करते. सूचीतील वास्तूत फेरबदल करायचा असल्यास तिचा अभिप्राय घ्यावा लागतो. निर्णय आयुक्तांचा आणि त्यावर शासनाचा. वृक्ष प्राधिकरण १९७५ च्या कायद्याखालचे असून, त्याला मात्र निर्णयाचा अधिकार आहे. २०१८ मध्ये तज्ज्ञ सदस्य नसल्याच्या मुद्द्यावरून उच्च न्यायालयाने मुंबईच्या प्राधिकरणाच्या निर्णयांना अटकाव केला होता. पुढे तज्ज्ञ नेमले गेले आणि त्याच प्राधिकरणाने ऑगस्ट २०१९ मध्ये आरेतील मेट्रो कारशेडसाठी २,६४६ झाडे तोडण्याच्या व हलविण्याच्या प्रस्तावाला मंजुरी दिली. रिकामी खुर्ची भरली गेली म्हणून निर्णय नागरिकांना पटेलच असे नाही, एवढे यातून दिसले.

हरकत घेणाऱ्याने काय पाहावे

आपल्या जागेचे काय होणार आहे हे पाहण्यासाठी प्रथम सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर हाताशी हवा. त्या आधारे महापालिकेच्या बांधकाम विकास विभागातून झोन दाखला घेता येतो. मुंबईत त्याला डी. पी. रिमार्क म्हणतात. आरक्षणाचा प्रकार, रस्त्याची प्रस्तावित रुंदी आणि वापर विभाग यांची नोंद त्यात असते. हरकत लेखी असावी, तिच्यासोबत मोजणीचा नकाशा जोडावा आणि पोच घ्यावी. केवळ 'आमचा विरोध आहे' असे लिहिण्यापेक्षा रस्त्याची आखणी कोठून वळविता येईल, शाळेसाठी जवळची कोणती जागा चालेल, हे सुचविणारी हरकत समितीला नाकारताना कारण शोधावे लागते. सुनावणीची तारीख कळविली जाते. गैरहजर राहिल्यास प्रकरण कागदपत्रांवरूनच निकाली निघू शकते.

मैदान किंवा उद्यानाचे आरक्षण टिकावे असे वाटणाऱ्यांनी आणखी एक कलम लक्षात ठेवावे. कलम १२७ नुसार आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जागा ताब्यात घेतली गेली नाही, तर मालक महापालिकेला नोटीस बजावू शकतो. त्यानंतर महापालिकेला २४ महिने मिळतात. २०१५ च्या दुरुस्तीपूर्वी ही मुदत याहून कमी होती. त्या अवधीतही भूसंपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते आणि शेजारच्या जमिनीवर जे बांधता येते, ते त्या जागेवर बांधण्यास मालक मोकळा होतो.