सेवकांचे घर

वसईच्या किल्ल्यात दर रविवारी झाडलोट करणारी कॉलेजची पोरे परवा माझ्याकडे आली. म्हणाली, "काका, मंडळाला स्वतःची जागा हवी." मला १८४८ साल आठवले. त्या वर्षी एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी मुंबईत 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' काढली आणि १८४९ मध्ये मुलींच्या शाळा उघडल्या. दादाभाई नौरोजींसारखे तरुण सकाळी बिनपगारी शिकवीत. जागा? नाना शंकरशेटांनी आपल्या वाड्यात दिली! परक्या इमारतीत मुलगी धाडायला कचरणारा बाप नानांच्या दारी धाडील, असे मला वाटते. तेव्हा उसनी जागाच कामी आली म्हणायची. पण विद्यार्थी चार वर्षांत पांगतात, मग दप्तर कोणी सांभाळायचे? मी म्हटले, "आधी एक कपाट मिळवा." पोरे खट्टू झाली. घमेली सध्या माझ्या पडवीत आहेत.