पाचटाचा कोळसा

आमच्या मंडळाच्या स्मरणिकेत पाककृती, भरतकाम आणि व्रतांची माहिती दरवर्षी असते. ज्याच्यावर पाक शिजतो त्या जळणाबद्दल मात्र कोणी लिहीत नाही, म्हणून यंदा मीच लिहायला बसले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चूकभूल भगिनींनी पोटात घालावी.

पूर्वी कोळसा पाडणे हा लोणारी लोकांचा धंदा. बाभळीची लाकडे रचायची, त्यांवर पाला पसरून माती लिंपायची, वाऱ्यापुरती भोके ठेवायची आणि आत विस्तव घालून कित्येक दिवस राखण करीत बसायचे. वारा जास्त शिरला की लाकडाची राख, मुळीच शिरला नाही तर विस्तव गार. या भट्टीत पाल्याचे काम फक्त पांघरुणाचे. त्याला कोळशाचा मान नव्हता. पुढे 1927 च्या वनकायद्याने कोळसा, मग तो जंगलातला असो वा नसो, वनोपजांच्या यादीत घातला. म्हणजे कोळशाची नोंद सरकारदरबारी झाली. त्याच्या चुऱ्याची नोंद कोठेच नाही, कारण तो बायकांच्या हाती होता.

माझी आजी फलटण तालुक्यातली. वखारीत कोळसा मापून झाला की तळाशी चुरा उरे, तो ती स्वस्तात आणी. चाळून त्यात शेण आणि थोडी चिकणमाती घालायची, पाण्याने मळायचे आणि लाडवाएवढे गोळे वळून चैत्राच्या उन्हात पत्र्यावर वाळवायचे. माती जास्त झाली तर गोळा पेटत नाही, कमी झाली तर शेगडीत फुटतो. तिचे प्रमाण वजनाचे नव्हते, मुठीचे होते. पावसाळाभर बंब आणि शेगडी त्यावर चाले. नखांतला काळा रंग मात्र जात नसे. हळदीकुंकवाला ती हात पदराखाली धरी.

गोळ्याला धूर नाही, याचा तिला फार अभिमान. त्या अभिमानानेच एकदा घात होता होता राहिला. 1988 च्या पौषात माझी मावशी बाळंत झाली. शेकशेगडीसाठी आजीने आपले गोळे खोलीत ठेवले आणि वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या घट्ट लावल्या. पहाटे हाक मारली तर मावशी ओ देईना, बाळ मलूल. आजीने दार उघडून दोघांना अंगणात आणले आणि सुदैवाने दोघे वाचली. आजी नुसती म्हणत होती, "अगं, धूर नव्हता गं." कोंडलेल्या जागी निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना रंग ना वास, हे तिला कोण सांगणार? त्यानंतर आमच्या घरी शेगडी ओसरीवरच पेटे आणि गरम केलेले फडके आत नेत.

आता पाल्याची गोष्ट. आमचा मुलूख उसाचा. ऊस तुटला की एकरी तीन-चार टन पाचट रानात पडते. त्याला काडी लावायची ही कित्येकांची रीत, अजूनही सुटलेली नाही. पाचट चुलीत घातले तर भडका उडतो आणि डोळे जातात. पुण्याच्या 'आरती' या संस्थेने, जिची स्थापना डॉ. आनंद कर्वे यांनी 1996 मध्ये केली, या पाचटाचा कोळसा करण्याची भट्टी तयार केली. त्याबद्दल तिला 2002 मध्ये लंडनचे ॲश्डेन पारितोषिक मिळाले. पाचट पिंपात दाबून भरायचे, झाकण लावायचे आणि पिंपाला बाहेरून आच द्यायची. आतून निघणारा वायू भट्टीतच जळतो, म्हणजे जो धूर बाईच्या डोळ्यांत जायचा त्याचेच जळण होते. मागे उरते ते काळे, हलके पाचट. ते कुटून खळीत मळायचे आणि यंत्रातून कांड्या पाडायच्या. त्यांच्याच 'सराई' कुकरमध्ये सुमारे 100 ग्रॅम कांड्यांवर पाच माणसांचा भात, वरण, भाजी वाफेवर शिजते. हे सारे प्रथम वाचले तेव्हा मला आजीचे गोळेच आठवले. नवे होते ते पिंप; मळणे आणि वाळवणे तेच.

गेल्या माघात आमच्या मंडळातल्या सहाजणींनी एक जुने पिंप आणून हा प्रयोग केला. पहिल्या खेपेस ज्वाला विझल्याबरोबर आम्ही उतावळेपणाने झाकण काढले. आत वारा गेला आणि डोळ्यांदेखत सगळ्याची राख झाली! (राखुंडीला उपयोगी पडली, ते वेगळे.) दुसऱ्या वेळी पिंप रात्रभर तसेच गार होऊ दिले. सकाळी पाती जशीच्या तशी, पण काळी कुळकुळीत. हात लावला की चुरा. यंत्र नसल्यामुळे पेजेत मळून गोळेच वळले. पेज पातळ झाली म्हणून निम्मे तडकले.

2016 मध्ये उज्ज्वला योजना आली आणि गावात घरोघर गॅस पोहोचला. मलाही तो सोडवणार नाही. पण सिलिंडर संपून दुसरा येईपर्यंतचे चार दिवस असतात, आणि अंघोळीचे पाणी रोजच तापवावे लागते. यंदा ऊसतोड झाली की पुन्हा पिंप भरायचे ठरले आहे. तयार गोळ्यांच्या डब्यावर आम्ही खडूने लिहिले आहे : 'दार उघडे ठेवून पेटवावे.' ते अक्षर मावशीच्या त्याच मुलीने काढले.